परसातील कोंबड्यांचा टोचक्रम : कळपाची व्यवस्था व तिचा भंग

प्रास्ताविक

२०१९ साली झालेल्या २०व्या पशुगणनेनुसार भारतात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी होते. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. परसातील कळप बहुधा लहान असतो. दिवसभर उकिरड्यावर व कुंपणाच्या कडेने चरून सांजेला तो खुराड्यात परततो. त्याची देखभाल प्रायः घरातील स्त्रियांकडे असते. अशा कळपातील एखादा पक्षी पाहुण्यासाठी कापला जातो, एखादा आठवडी बाजारात विकला जातो, तर कधी एखादी नवी तलंग आणून सोडली जाते. पाळणाऱ्याच्या लेखी हा केवळ संख्येतील फरक होय. परंतु काही दिवसांतच नव्या तलंगेचे डोके रक्ताळलेले दिसते, जुन्या कोंबड्यांची अंडी कमी होतात आणि याचे खापर खाद्यावर, रोगावर किंवा पक्ष्याच्या जातीवर फोडले जाते. खरे कारण पुष्कळदा कळपाच्या सामाजिक रचनेत असते. त्या रचनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टोचक्रम म्हणजे काय?

नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ तोरलाइफ शेल्देरुप-एब्बे (१८९४-१९७६) यांना बालपणापासून कोंबड्यांच्या निरीक्षणाचा छंद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते याच्या नोंदींवरून त्यांनी १९२२ मध्ये जर्मन भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. कळपातील कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या तर त्यांपैकी एक टोचते व दुसरी माघार घेते, आणि हे नाते सहसा उलटत नाही, असे त्यांना आढळले. या व्यवस्थेसाठी त्यांनी योजलेल्या जर्मन संज्ञेस मराठीत ‘टोचक्रम’ म्हणता येईल.

हा क्रम नेहमी सरळ शिडीसारखा नसतो. ‘अ’ ही ‘ब’ला टोचते, ‘ब’ ही ‘क’ला टोचते, परंतु ‘क’ मात्र ‘अ’ला टोचते, असे त्रिकोणही आढळतात. वरचे स्थान म्हणजे पक्ष्याला चिकटलेले एखादे पद असते, तर असे त्रिकोण संभवलेच नसते. वस्तुतः टोचक्रम हा जोडीजोडीने मिटलेल्या भांडणांच्या स्मृतींचा समुच्चय आहे. शेल्देरुप-एब्बे यांना त्यात जुलूमशाही दिसली, आणि पुढे माणसांच्या कचेऱ्यांनाही ही उपमा सर्रास लावली गेली. ती काहीशी अन्यायकारक आहे. कारण क्रम एकदा ठरला की टोचणे वाढत नाही, उलट घटते. पुढे केवळ मान उंचावून पाहणेही पुरेसे होते.

याचा व्यावहारिक परिणाम अमेरिकेतील गुल व ॲली या अभ्यासकांनी १९४४ मध्ये दाखवून दिला. ज्या कळपांतील पक्षी वारंवार बदलले जात, त्यांतील कोंबड्या स्थिर कळपातील कोंबड्यांपेक्षा अधिक भांडत, कमी खात आणि कमी अंडी देत.

ओळख व स्मृती

भांडण मिटले हे लक्षात राहण्यासाठी प्रतिपक्षाची ओळख पटणे आवश्यक असते. कोंबडी ती मुख्यतः डोके, तुरा व मान यांवरून पटवते. तुऱ्याचे रूप बदलले किंवा तो रंगवला, तर नित्याच्या सोबतिणीवरही परकी समजून हल्ला होऊ शकतो. त्यामुळे खुणेसाठी मोजक्याच पक्ष्यांच्या डोक्याला रंग लावणे टाळलेले बरे. दोन-तीन आठवडे वेगळी ठेवलेली कोंबडी परतल्यावर तिलाही पुष्कळदा आपले स्थान नव्याने मिळवावे लागते. पुरुषसंप्रेरकांच्या प्रभावाने तुरा वाढतो व आक्रमकताही वाढते. म्हणून अनोळखी कोंबड्यांच्या पहिल्या झुंजीत मोठ्या तुऱ्याची बाजू बहुधा वरचढ ठरते. पिसे झडण्याच्या काळात ती उतरते.

कोंबडीची समज येथेच संपत नाही. कॅनडातील अभ्यासकांनी १९९६ मध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्याहून वरचढ असलेल्या कोंबडीला परक्या कोंबडीने हरवल्याचे पाहणाऱ्या कोंबडीने त्या परकीला आव्हान दिले नाही. परकी हरल्याचे पाहिले तेव्हा मात्र तिच्यावर चाल केली. दुसऱ्याच्या झुंजीवरून स्वतःचा अंदाज बांधणारा हा पक्षी निर्बुद्ध म्हणता येणार नाही.

कोंबड्यांमधील नरांचा क्रम माद्यांहून स्वतंत्र असतो. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की, पहाटे सर्वांत वरचा नर प्रथम आरवतो व बाकीचे आपापल्या क्रमाने त्यामागून आरवतात. त्याआधी २०१३ मध्ये त्यांनीच असे दाखवले होते की, आरवण्याची वेळ शरीरांतर्गत घड्याळ ठरवते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे तर खरेच. पण झाकलेला कोंबडाही वेळेवर आरवतो, अशी भर आता त्या म्हणीत घालता येईल.

परसातील अनुप्रयोग

शेकडो पक्ष्यांच्या कळपात प्रत्येकाची ओळख ठेवणे शक्य नसते. तेथे टोचक्रमाची जागा बव्हंशी परस्परांकडे दुर्लक्ष करण्याची वृत्ती घेते. लहान कळपात मात्र परका पक्षी लपत नाही. म्हणून एकटी तलंग सोडण्यापेक्षा दोन-तीन एकत्र सोडणे, प्रथम काही दिवस जाळीपलीकडून दर्शन घडवणे, दाणा-पाणी एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे, पळायला मोकळी जागा देणे, हे उपाय उपयोगी पडतात. पिसे उपटून खाण्याची खोड मात्र या प्रकरणात मोडत नाही. ती मुख्यतः चरण्याची प्रवृत्ती चुकीच्या ठिकाणी वळल्याने जडते व तिचे उपाय निराळे आहेत.

खरी अडचण सुधारित जातींबाबत उद्भवते. गिरिराज, वनराज यांसारख्या पक्ष्यांत खुडूक बसण्याची प्रवृत्ती जवळजवळ नसते. त्यामुळे नवी पिढी बहुधा उबवणी केंद्रातूनच आणावी लागते आणि प्रत्येक खेपेला कळपाची घडी विस्कटते. गावठी कोंबडीची पिले आईच्या पंखाखाली कळपातच वाढतात. जवळ येणाऱ्या प्रत्येकीवर आई धावून जाते. पिलांचे आपापसातील क्रम दोन-अडीच महिन्यांच्या सुमारास ठरतात, तोवर मोठ्या कोंबड्यांपुढून बाजूला व्हायला ती शिकलेली असतात. सुधारित जातीची अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवली, तर त्या पिलांनाही हाच मार्ग मोकळा होतो.