एस.टी. लागते, तसा पडदाही लागतो

"डॉक्टरसाहेब, लेकराला दोन दिवसांपासून चक्कर येतेय. काल उलटीही झाली. अशक्तपणा दिसतोय, एक सलाईन लावून टाका."

नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांतून हे वाक्य नेहमी ऐकू येते. वडील काळजीत असतात, आई पोरगा वेळेवर जेवत नाही म्हणून रागावलेली असते आणि पोरगा खाली मान घालून बसलेला असतो. तपासावे तर ताप नाही, रक्तदाब ठीक, डोळ्यांत पांढुरकेपणा नाही. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारावा : "उलटी होण्याआधी काय करत होतास?" पुष्कळदा उत्तर मिळते, "कॉम्प्युटरवर रॉकेटचा खेळ खेळत होतो. नवीन मोठा मॉनिटर आणलाय."

या उत्तरात आजाराचे मूळ असू शकते. तसे असेल तर सलाईनच्या बाटलीचा काही उपयोग नाही.

हे खेळ कसले?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा गावोगावच्या मुलांनी ते पाहिले. अंतराळाची गोडी लागलेल्या मुलांसाठी संगणकावर यान चालवण्याचे खेळ मिळतात. 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा त्यातला नावाजलेला. २०११ मध्ये तो प्रथम लोकांपुढे आला. त्यात रॉकेट स्वतः जोडायचे, उडवायचे आणि ग्रहाभोवतीच्या कक्षेत नेऊन सोडायचे असते. गुरुत्वाकर्षणाचा धडा पुस्तकापेक्षा त्यात लवकर समजतो, तेव्हा खेळाला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु आजकाल काही खेळ अर्धवट तयार असतानाच विकायला काढतात. याला 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणतात. याच खेळाचा दुसरा भाग २४ फेब्रुवारी २०२३ रोजी असाच बाजारात आला. सुरुवातीला चित्र अडखळते, रॉकेट शेवयांसारखे वाकते, अशा तक्रारी जगभरच्या खेळाडूंनी केल्या. पुढे २०२४ मध्ये तो बनवणारा स्टुडिओ बंद झाला आणि खेळ अपुराच राहिला. अडखळणाऱ्या चित्राचा आणि उलटीचा संबंध काय, ते आता पाहू.

डोळा एक सांगतो, कान दुसरे

आपला तोल तीन साक्षीदारांच्या भरवशावर चालतो. पहिला डोळा. दुसरा कानाच्या आतला भाग, म्हणजे अंतर्कर्ण. तिथे पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोके कोणीकडे वळले ते सांगतात. शेजारीच चुन्याच्या जातीचे सूक्ष्म खडे असतात, त्यांवरून शरीर पुढे सरकले की खाली गेले ते कळते. तिसरा साक्षीदार म्हणजे आपले स्नायू व सांधे.

तिघांची साक्ष जुळली की मेंदू निर्धास्त असतो. लोह्याच्या रस्त्याने एस.टी.त बसून वर्तमानपत्र वाचू लागलात, तर डोळा म्हणतो 'अक्षरे स्थिर आहेत' आणि कान म्हणतो 'आपण हलतो आहोत'. साक्षी फुटतात, मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. माहूरच्या गडावर जाताना वळणावळणावर जी गाडी लागते, तीही अशीच.

खेळात नेमके उलटे घडते. डोळा म्हणतो 'यान गरगर फिरते आहे', तर कान म्हणतो 'मी खुर्चीत गप्प बसलो आहे'. भांडण तेच, फक्त साक्षीदारांनी जागा बदलल्या. म्हणून म्हणायचे, एस.टी. लागते तसा पडदाही लागतो.

हा त्रास नवीन नाही आणि नाजूक माणसांचाच आहे असेही नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलात हेलिकॉप्टर शिकवण्यासाठी पडद्यावरचे नकली यंत्र वापरले गेले, तेव्हा शिकाऊ मुलांपेक्षा कसलेल्या वैमानिकांनाच जास्त मळमळले. खऱ्या उड्डाणात शरीराला काय जाणवते हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून खोटेपणा त्यांना अधिक बोचला. खऱ्या अंतराळातही हेच होते. ६ ऑगस्ट १९६१ रोजी गेलेला सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव्ह निवडक, धडधाकट वैमानिक होता, तरी त्याला तिथे मळमळले आणि उलटी झाली. तेव्हा पोरगा कमकुवत आहे, असा शेरा मारू नये.

मोठ्या पडद्याने त्रास का वाढतो?

नांदेडच्या स्टेशनावर गाडीत बसलेले असताना शेजारच्या रुळावरची गाडी हलली, की आपलीच गाडी सुटली असे क्षणभर वाटते. खिडकीभर तेच दृश्य सरकत असते म्हणून हा भास होतो. नजरेच्या कडेचा भाग बारकावे पाहण्यात कच्चा, पण हालचाल टिपण्यात पक्का असतो. दृश्याने नजरेच्या कडा व्यापल्या की आपणच हलतो आहोत असे मेंदू धरून चालतो.

साधा मॉनिटर रुंदीला १६ भाग तर उंचीला ९ भाग असतो. 'अल्ट्रावाइड' मॉनिटर २१ ला ९, तर काही ३२ ला ९ असतात. आता थोडे गणित करू. २४ इंची साधा मॉनिटर सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद असतो. ६० सेंटीमीटरवरून पाहिल्यास तो नजरेचा सुमारे ४८ अंशांचा कोन व्यापतो. ३४ इंची अल्ट्रावाइड सुमारे ८० सेंटीमीटर रुंद, तो तेवढ्याच अंतरावरून ६७ अंश व्यापतो. आणि ४९ इंची ३२ ला ९ असलेला पडदा जवळजवळ काटकोन भरून टाकतो. स्टेशनावरची ती खिडकी जणू घरात आणून ठेवली!

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके रंगवायचे असतात. ३४ इंची अल्ट्रावाइडवर बहुधा ३४४० गुणिले १४४०, म्हणजे सुमारे ५० लाख. संगणक तोच आणि काम जवळजवळ अडीचपट! त्यात खेळ अर्धवट असेल तर चित्र गचके खाते. हाताने यान वळवले तरी पडद्यावर ते उशिरा वळते. म्हणजे डोळा व कान यांच्या भांडणात आता हातही उतरला.

शिवाय अंतराळाच्या खेळात जमीन नाही, क्षितिज नाही, वर-खाली नाही. मोटारीच्या खेळात निदान रस्ता तरी खाली असतो. इथे मेंदूला धरायला काहीच उरत नाही.

लक्षणे ओळखा

सुरुवातीला जांभया, डोके जड होणे, तोंडाला पाणी सुटणे, थंड घाम आणि चेहरा पांढरा पडणे ही लक्षणे दिसतात. पाठोपाठ मळमळ आणि गरगरणे येते. खेळ थांबवला की बहुतेकांना थोड्या वेळात बरे वाटते, पण काहींना कित्येक तास अस्थिर वाटत राहते. अर्धशिशीचा त्रास असणारे, गाडी लागणारे आणि जागरण झालेले यांना हे लवकर होते.

इथे एक धोका आहे. खेळ सोडून पोरगा तसाच गाडीला किक मारून शिकवणीला निघतो. नकली यंत्रावर सराव झाल्यावर वैमानिकांना काही तास खरे विमान उडवू न देण्याची पद्धत अनेक हवाई दलांत आहे. तोच नियम आपल्या दुचाकीला लावावा. डोके पूर्ण ताळ्यावर आल्याशिवाय वाहन चालवू नये.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटले की धडकी भरते. १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला धक्का नांदेडलाही जाणवला होता. अशा वेळी टांगलेला दिवा आणि तांब्यातले पाणी पाहावे. ते हलत असेल तर ताबडतोब सर्वांना घेऊन मोकळ्या जागेत जावे. ते स्थिर असेल आणि पडद्यासमोर बसलेल्या एकट्यालाच हलल्यासारखे वाटत असेल, तर डोके गरगरते आहे असे समजावे.

उपाय घरचेच

१. मागे सरका. ३४ इंची पडदा ९० सेंटीमीटर दूर ठेवला, तर तो २४ इंची पडदा ६० सेंटीमीटरवर असल्याइतकाच कोन व्यापतो. खर्च शून्य आणि गुण सर्वांत जास्त.

२. त्रास होत असेल तर खेळ पूर्ण पडद्यावर न पसरता मधल्या भागातच चालवा. दोन्ही बाजू काळ्या राहिल्या तर काही बिघडत नाही.

३. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा कमी करा. कॅमेरा थरथरण्याचा आणि चित्र पुसट करण्याचा परिणाम बंद ठेवा. चित्राचा वेग घडीत जास्त, घडीत कमी होण्यापेक्षा तो बेताचा पण एकसारखा असलेला बरा.

४. खोलीत अंधार करू नका. भिंत, टेबल अशा स्थिर वस्तू नजरेच्या कडेला दिसत राहिल्या की मेंदूला आधार मिळतो.

५. पहिली जांभई किंवा मळमळ आली की लगेच थांबा. 'एवढी फेरी संपवतो' म्हणू नका. मोकळ्या हवेत जा, दूरच्या झाडाकडे पाहा, घोट घोट पाणी प्या. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना आराम पडतो. उपाशीपोटी किंवा जेवणावरून उठून लगेच खेळू नका.

६. सवय हळूहळू लावा. कंडक्टरला एस.टी. का लागत नाही? रोजच्या सवयीने. १५ मिनिटांपासून सुरुवात करून, त्रास होत नसेल तरच वेळ थोडा वाढवा.

७. डोळे व मान सांभाळा. पडद्याकडे टक लावल्याने पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते. त्यात उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर असला की डोळे आणखी कोरडे पडतात, म्हणून तो बाजूला वळवा. दर २० मिनिटांनी २० सेकंद दूर पाहा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी. महत्त्वाची माहिती मधोमध ठेवावी, म्हणजे मान सारखी फिरवावी लागत नाही.

औषधे स्वतःहून नकोत

प्रवासाच्या गोळ्यांनी झोप येते. खेळता यावे म्हणून त्या घेणे चुकीचे. उलटीसाठी मेडिकलवरून मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन आणून मुलांना देऊ नये. लहान वयात या औषधांनी कधी कधी मान वाकडी होते, जीभ बाहेर येते, डोळे वर जातात. यावर रुग्णालयात उपाय होतो, पण घरचे लोक बाहेरची बाधा समजून भलतीकडे वेळ घालवतात. सलाईन म्हणजे मुख्यत्वे मीठ-पाणी; डोळा व कान यांचे भांडण ते मिटवत नाही.

केव्हा वाट पाहू नये?

पडदा बंद ठेवूनही चक्कर येत असेल, अंथरुणात कूस बदलताना गरगरत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, कानात सारखा आवाज होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर खेळाला दोष देऊन गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, एक हात-पाय लुळा पडणे, तापासह तीव्र डोकेदुखी यांपैकी काही असल्यास तातडीने रुग्णालय गाठा. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना फीट येते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि ६०० हून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. पडदा मोठा, जवळ आणि खोली अंधारी असेल तर हा धोका वाढतो. फीट आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे. चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. फीट ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करावा. पहिल्यांदाच आलेली फीट थांबली तरी डॉक्टरांना दाखवावीच.

पालकांनी मॉनिटर माळ्यावर टाकण्याची घाई करू नये आणि मुलांनी त्रास लपवू नये. आज घरी टेप घेऊन खुर्चीपासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजा. बहुतेक घरांत पहिला उपाय तिथूनच सुरू होईल.