महाडचं घर, मुंबईचा संगणक

जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या कितीतरी घरांतले कागद अन् लग्नाचे फोटो चिखलात गेले. म्हणून त्यांच्या प्रती मुंबईच्या लेकीच्या संगणकावर ठेवलेल्या बऱ्या. व्हीपीएन म्हणजे त्यासाठीची दोन घरांमधली खाजगी वाट.

पण ‘जोडलं गेलं’ दिसूनही तिचा संगणक सापडत नाही? दोन्ही राउटरचे पत्ते पाहा. दोन्ही १९२.१६८.१ ने सुरू होत असतील, तर दोन घरांना एकच घरनंबर! लेकीचं पत्र आपल्याच दारात घुटमळणार. आपल्या राउटरच्या पत्त्यातला तिसरा आकडा १ चा ५० करा, राउटर बंद करून पुन्हा लावा. तरीही अडलं, तर लेकीचा संगणक चालू आहे ना, त्यावरचं फोल्डर तुमच्यासाठी खुलं केलंय ना, हे तिला विचारा.

पोलादपूरकडून सावित्री फुगून येण्याआधी एवढं कराच, मैत्रिणींनो!