इंग्रजी शिकणं आणि इंग्रजीतून शिकणं

जून जवळ आला की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते: इंग्रजी शाळेच्या फीसाठी कर्ज. सही करण्याआधी एक फरक समजून घेऊ. इंग्रजी शिकणं वेगळं, इंग्रजीतून शिकणं वेगळं.

आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी विषय आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगतं, की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं आणि इतर भाषाही सोबत शिकवाव्यात. कारण साधं आहे. हातच्याची बेरीज घरच्या बोलीत समजली, तर तीच पुढे इंग्रजीतही जमते. न समजता केलेलं पाठांतर परीक्षेनंतर उरत नाही.

म्हणून आधी गावच्या शाळेत जा. इंग्रजीचा तास रोज होतो का, मुलं तोंडाने बोलतात का, ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या सदस्य बायका असाव्यात, असा कायदाच आहे; तिथे हा प्रश्न मांडा. लेकराला इंग्रजी शाळेत घातलं असेल, तर रोजचा धडा त्याच्याकडून मराठीत ऐका. आपल्याला इंग्रजी येत नसलं, तरी त्याला समजलंय की नुसतं पाठ झालंय, हे लगेच कळतं. मग कर्जाचं ठरवा.