डोंगरापायथ्याचे गाव

पावसाळ्यातील रविवारी सकाळी कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल गाडी पाहिली, म्हणजे सारी मुंबई डोंगराकडे निघाली आहे की काय, असा भास होतो. डब्यात पाय ठेवण्यास जागा नसते. कोणाच्या हाती छत्री, कोणाच्या खांद्यावर पिशवी, मुलांच्या अंगावर कोरेकरकरीत रेनकोट. आणि बहुतेकांच्या तोंडी एकच नाव असते, माथेरान. विठ्ठलवाडी मागे पडते व उल्हासनगर येते. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांच्या छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी हे नाव मिळाले, आणि पाहता पाहता तेथे दाट वस्तीचे व्यापारी शहर उभे राहिले. त्यापुढील अंबरनाथ हे आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु तेथील शिवमंदिर शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहारांच्या राजवटीतील आहे. नंतर येते बदलापूर. घाटाकडे जाणारे स्वार येथे घोडे बदलीत म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, गाव मात्र खरोखरच बदलले आहे. २००१ साली सुमारे ९८ हजार असलेली येथील लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाख ७४ हजारांवर गेली.

बदलापूर सुटले की इमारती विरळ होऊ लागतात. उजव्या हाताला ढगांत बुडालेला चंदेरीचा सुळका क्षणभर डोकावतो. त्यापलीकडे नाखिंद, पेब आणि शेवटी माथेरान अशी डोंगरांची रांग पसरलेली आहे. डाव्या बाजूस उल्हास नदी रुळांना सोबत करीत असते. या दोहोंच्या मध्ये, पाण्याने भरलेल्या भातखाचरांच्या कुशीत, लहान लहान गावे वसली आहेत. नेरळला सारी गाडी रिकामी होते. पण अलीकडच्या वांगणीस किंवा बदलापुरासच उतरून या गावांची वाट धरणारा प्रवासी क्वचित आढळतो.

माथेरानला गर्दी का होते, हे सांगावयास नकोच. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली हे ठिकाण हेरले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या पुत्राने बांधविलेली चिमुकली आगगाडी नेरळहून वर चढू लागली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची थंड हवा, लाल मातीचे रस्ते आणि दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना असलेली बंदी यांमुळे मुंबईकरांना ते आपले हक्काचे विश्रांतिस्थान वाटते. परंतु सुटीच्या दिवशी तेथे विश्रांती कितपत मिळते, हे तेथे जाऊन आलेल्यांनाच विचारावे! २०११ साली ज्या गावाची स्वतःची वस्ती साडेचार हजारांच्याही आत होती, तेथे सुटीच्या दिवशी पाहुण्यांची रीघ लागते. पायथ्याच्या गावात पाहण्यासारखे ‘पॉइंट’ नाहीत, घोडे नाहीत, चिक्कीची दुकाने नाहीत. तेथे आहे ते भात.

भाताचे काम पावसाबरोबर सुरू होते, असे शहरातील माणसास वाटते. वस्तुतः ते फाल्गुन-चैत्राच्या उन्हातच सुरू झालेले असते. ज्या तुकड्यात रोपे तयार करावयाची, त्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या व गवत यांचे थर पसरतात, वरून बारीक माती टाकतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन ते पेटवितात. यास राब भाजणे म्हणतात. त्यामुळे तणाचे बी जळते, आणि राखेचे खत जमिनीला मिळते. मृगाच्या तोंडावर या भाजलेल्या जमिनीत बी पडते. तीन-चार आठवड्यांत हिरवीगार रोपे वीतभर वाढतात; या रोपांना इकडे आवण म्हणतात. तोवर दुसरीकडे खाचरांत नांगर फिरवून चिखल केलेला असतो. पूर्वी हे काम बैल करीत; आता पुष्कळ ठिकाणी यांत्रिक नांगराचा आवाज ऐकू येतो. आवण उपटून, मुळांची माती पाण्यात खळबळून, त्याच्या मुठी बांधतात आणि त्या खाचरांत ठिकठिकाणी फेकतात. मग पाठीवर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेतलेल्या स्त्रियांची रांग वाकते, आणि दोन-दोन, चार-चार काड्या चिखलात रोवीत मागे मागे सरकू लागते. पुढे सरकले तर लावलेले रोप पायाखाली येईल, म्हणून हे काम मागे सरकतच करावे लागते. सकाळी वाकलेली कंबर जेवणापुरती सरळ होते, ती पुन्हा संध्याकाळीच.

बांधावर उभा असलेला पाहुणा या दृश्याचे छायाचित्र घेतो. ते सुंदर दिसते यात संशय नाही. पण पावसाने आठ दिवस दडी मारली तर याच रोपांकडे पाहताना घरधन्याचा घास घशाखाली उतरत नाही, हे त्या चित्रात उमटत नाही.

खाचरातील सर्वांत महत्त्वाची वस्तू भात नव्हे, बांध होय. वरचे खाचर भरले की बांधाला ठेवलेल्या वाटेने पाणी खालच्या खाचरात उतरते, तेथून त्याखालच्या. अशा रीतीने डोंगरावरून उड्या मारीत आलेले पाणी येथे पायरीपायरीने, जणू हात धरून, नदीपर्यंत नेले जाते. वाट किती खोल ठेवावी, कोणाच्या खाचरातून किती पाणी सोडावे, याचे नियम कोणत्याही कागदावर नाहीत. ते शेजाऱ्यांच्या स्मरणात आहेत, आणि भांडणेही बहुधा त्यावरूनच होतात. चिंबोऱ्या बांधात बिळे करतात. बीळ आरपार गेले की रातोरात खाचर रिते होते. म्हणून शेतकरी भर पावसात विजेरी घेऊन बांधावरून फिरतो, बिळे बुजवितो आणि अर्थातच चिंबोऱ्याही घरी आणतो. चोर आणि कालवण एकाच वेळी हाती लागण्याचा हा योग अन्य धंद्यांत दुर्मीळच!

एका हेक्टरातील खाचरांत केवळ दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तरी ते दहा लाख लिटर होते. एवढे पाणी तो एक हेक्टर काही काळ धरून ठेवतो, त्यातले काही जमिनीत मुरवितो आणि उरलेले सावकाश सोडतो. भातशेती म्हणजे अन्न पिकविण्याची जागा, एवढेच आपण समजतो. परंतु डोंगर व नदी यांमधील ती एक पसरट टाकीही आहे. तिला भिंती नाहीत, कोनशिला नाही, म्हणून ती टाकी आहे हे ध्यानात येत नाही इतकेच. उल्हास ही नदी राजमाचीच्या डोंगरभागातून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असे वळण घेत वसईच्या खाडीस मिळते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कल्याण या शहरांतील नळांना येणारे पाणी तिचे किंवा तिला मिळणाऱ्या बारवीचे आहे. एवढेच काय, माथेरानवर शार्लोट तलाव असला, तरी त्याचे पाणी पुरत नाही, म्हणून उल्हासचेच पाणी नेरळकडून पंपांनी डोंगरावर चढवावे लागते. डोंगराने पावसाळ्यात खाली सोडलेले पाणी डोंगरावरच्या पाहुण्यांना पुन्हा खालूनच मागवावे लागते! भाजीपाल्याचेही काहीसे तसेच आहे. पायथ्याच्या वाड्यांतील ठाकर व कातकरी स्त्रीपुरुष डोक्यावर भार घेऊन पायवाटांनी माथेरान चढतात. जूनमध्ये शेवळे, पुढे टाकळा, कुर्डू, कंटोळी अशा रानभाज्यांचे वाटे घेऊन याच स्त्रिया बदलापूरच्या स्थानकाबाहेरही बसलेल्या दिसतात.

या गावांचे एक दुखणे आहे, आणि ते पाहुण्यास पहिल्याच फेरीत दिसते. हिरव्या खाचरांच्या मध्येच एखादा तुकडा मुरूम टाकून उंच केलेला असतो. त्यावर तारेचे कुंपण आणि ‘प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी असते. जमीन विकणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. पण भाताचे उत्पन्न थोडे, लावणीस मजूर मिळत नाहीत, मुले सकाळच्या गाडीने नोकरीस जातात, आणि घरात लग्न वा आजारपण निघाले म्हणजे रोख रकमेची गरज पडते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने अधिक उत्पन्न देणारे वाण काढले, त्यांचा लाभही झाला. तथापि बिगरशेती जमिनीचा भाव आणि भाताचा भाव यांची बरोबरी कोणत्या वाणाने करावी? विकणारा आपला तुकडा विकतो. मात्र त्या तुकड्यातून जाणारी पाण्याची वाटही त्याबरोबर बुजते, आणि ती एकट्या त्याची नसते.

उल्हासच्या पुराची आठवण या भागात ताजी आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत बदलापूर-कल्याणकडील सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्या रात्री, मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून पडली. नदीने रूळ गिळले होते. सभोवार काळोख, वरून पाऊस आणि डब्यांत हजाराहून अधिक माणसे. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नावा आल्या, नौदल व वायुदल आले आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या वेळी जवळच्या चामटोलीचे व आसपासचे गावकरीही मदतीला धावले होते. ज्या गावांवरून आपली गाडी रोज न थांबता जाते, त्यांची नावे त्या दिवशी कित्येकांनी प्रथमच ऐकली असतील. खाचरे बुजल्यामुळेच तो पूर आला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तसल्या पावसात भरलेली खाचरेही हात टेकतात. पण पाण्याला पसरण्यास जागा जितकी कमी, तितके ते उंच चढणार, हे समजण्यास पंडित असण्याची आवश्यकता नाही.

गावात जाणाऱ्याने काही गोष्टी अगोदर माहीत करून घ्याव्यात. नुकताच लिंपलेला बांध चालण्यासाठी नसतो. त्यावर पाय दिला तर तो खचतो आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्यास पडतो. वाट विचारली तर कोणीही दाखवितो, क्वचित हातातले काम टाकून बरोबरही येतो. कोंडेश्वरासारख्या ठिकाणचे धबधबे पाहण्यास मोहक असले, तरी डोंगरावर पाऊस झाला की त्यांचे पाणी क्षणात वाढते; पोहावयास उतरलेल्या तरुणांचे बळी दरवर्षी जातात, आणि म्हणूनच पावसाळ्यात अशा ठिकाणी जाण्यास प्रशासन मनाई करते. तो हुकूम मोडण्यात कसलाही पराक्रम नाही. बुडालेल्यास शोधावयास पाण्यात उतरावे लागते ते गावच्या माणसाला.

पावसाळा टळून थंडीत आले, तर हेच गाव निराळे दिसते. भात कापून खळ्यावर आलेले असते, आणि रिकाम्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला असतो. वाल शेंगांनी भरला की पोपटी लावण्याचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा भरतात, तोंड पाल्यानेच बंद करतात, मडके शेतातच उलटे ठेवून भोवती काटक्या व पेंढा पेटवितात. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा शिजतात. शेकोटीभोवती बसलेल्या पाहुण्यास पहिली मूठ मिळते, मग तो ओळखीचा असो वा नसो.

परंतु लावणीच्या दिवसांत कोणासही बोलावयास सवड नसते. संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास डोंगर पुन्हा ढगांत दिसेनासा होतो. माथेरानहून परतणाऱ्या लोकांनी खच्चून भरलेली गाडी शिट्टी देत कल्याणच्या दिशेने निघून जाते. खाचरातील एखादे मूल मान वर करून डबे मोजते. त्याची आई मात्र मान वर करीत नाही. अजून दोन खाचरे राहिलेली असतात, आणि उपटलेले आवण उद्यापर्यंत ठेवून चालणार नसते.