अडलेल्या नदीचे शहर : लुईव्हिलची भूमी आणि आखणी

पिट्सबर्गपासून मिसिसिपीच्या संगमापर्यंत ओहायो नदी सुमारे १,५८० किलोमीटर वाहते आणि या साऱ्या प्रवाहमार्गात नावांना थोपवून धरणारा मोठा नैसर्गिक अडथळा एकच होता. केंटकी राज्याच्या उत्तर सीमेवर, चुनखडीच्या थरांवरून, तिचे पाणी जेमतेम तीन किलोमीटरच्या अंतरात आठ मीटर खाली उतरते. भूगोलात अशा भागाला द्रुतवाह म्हणतात, म्हणजे जेथे पाणी कड्यावरून कोसळत नाही, तर उथळ खडकांवरून वेगाने उसळत जाते. वरून आलेल्या नावा येथे रिकाम्या कराव्या लागत, माल गाड्यांत भरून खालच्या धक्क्यावर न्यावा लागे आणि तेथे तो पुन्हा दुसऱ्या नावांत चढे. या सक्तीच्या चढउतारीवर लुईव्हिल उभे राहिले. जॉर्ज रॉजर्स क्लार्क याने १७७८ मध्ये द्रुतवाहाजवळच्या बेटावर वस्ती केली, ती पुढच्या वर्षी दक्षिण किनाऱ्यावर आली आणि १७८० मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचे नाव देऊन तिला नगराचा दर्जा दिला.

नगराची आखणी सरळ होती : नदीला समांतर मेन, मार्केट, जेफरसन हे रस्ते, आणि त्यांना काटकोनात छेदणारे, पश्चिमेकडे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमाने वाढत जाणारे रस्ते. द्रुतवाहाच्या खालच्या टोकाला पोर्टलंड हे वेगळे गाव वसले आणि तेथे नदी वळत असल्यामुळे त्याचे रस्तेही किनाऱ्याप्रमाणे तिरपे आखले गेले. दोन्ही गावे पुढे एक झाली, तरी नकाशावर तो तिरकेपणा आजही स्पष्ट दिसतो. क्लार्कच्या १७७९ च्या आराखड्यात सार्वजनिक मोकळी जागा राखलेली होती. ती विकली गेली, आणि ही या नगराची पहिली मोठी चूक म्हटली पाहिजे, कारण शतकानंतर, १८९१ मध्ये, उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओमस्टेड यांच्याकडून शहराला उद्याने नव्याने आखून घ्यावी लागली.

द्रुतवाहाला वळसा घालणारा कालवा १८३० मध्ये खुला झाला. आज त्याच जागी मॅकअल्पाइन जलपाश आहेत; जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद, ज्यातील पाणी वरखाली करून जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेले जाते. नदीचा अडथळा असा दूर झाला, पण मालाची अदलाबदल हा शहराचा पिंड कायम राहिला : यूपीएस या कंपनीचे हवाई मालवाहतुकीचे मुख्य केंद्र शहराच्या दक्षिणेला, विमानतळावर आहे.

पूर्वेकडील भूमी चढणीची आहे. वेस्ट एंड हा पश्चिम भाग मात्र नदीच्या वळणात, सखल पूरमैदानावर पसरलेला आहे. जानेवारी १९३७ च्या महापुरात निम्म्याहून अधिक शहर पाण्याखाली गेले आणि सुमारे पावणेदोन लाख लोकांना घरे सोडावी लागली. ज्यांना परवडले त्यांनी त्यानंतर पूर्वेची उंच जमीन धरली. पुढे पूरभिंत आणि मातीचे बांध मिळून चाळीस किलोमीटरहून लांब तटबंदी उभारण्यात आली. रस्ता भिंतीला छेदतो तेथे दोन्ही बाजूंच्या काँक्रीटमध्ये उभ्या खाचा ठेवलेल्या असून नदी चढू लागली की त्यांत धातूच्या आडव्या फळ्या एकावर एक सरकवून रस्ता बंद करतात. अडकून पडलेले आतले पाणी पंप लावून नदीत फेकावे लागते.

पूर्व आणि पश्चिम यांतील अंतराचा दोष मात्र एकट्या पाण्यावर ढकलता येत नाही. कृष्णवर्णीयांनी गोऱ्या बहुसंख्येच्या गल्लीत राहू नये, असा ठराव लुईव्हिलने १९१४ मध्ये केला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बुकॅनन विरुद्ध वॉर्ली’ या खटल्यात १९१७ मध्ये तो एकमताने रद्द केला, पण भेद दुसऱ्या वाटांनी चालू राहिला. १९२४ मध्ये उद्यानेही वर्णानुसार वाटली गेली. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशांवर वेस्ट एंडचे मोठे भाग लाल रंगात, म्हणजे कर्ज देण्यास धोक्याचे, दाखवले गेले. १९६० च्या दशकात नगर-नवीकरणाच्या नावाखाली वॉलनट रस्त्यावरची कृष्णवर्णीयांची भरभराटीची बाजारपेठ पाडण्यात आली आणि नववा रस्ता इतका रुंद झाला की तो मध्यवस्ती आणि पश्चिम यांमधली सीमारेषाच बनला. वॉलनट रस्त्याला १९७८ मध्ये वेस्ट एंडमध्येच वाढलेल्या मुहम्मद अलींचे नाव मिळाले, पण पाडलेली दुकाने परत आली नाहीत.

२००३ मध्ये शहर आणि भोवतालचा जेफरसन परगणा यांचे प्रशासन एक झाले; लोकसंख्येच्या यादीत लुईव्हिल वर चढले, आणि त्याच वेळी एकूण मतदारांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटले. नववा रस्ता अरुंद करून पादचाऱ्यांना जागा देण्याची योजना आता शहराने आखली असून २०२१ मध्ये तिला केंद्र सरकारचा निधी मंजूर झाला. हे पाऊल योग्य आहे, पण अपुरे आहे : वेस्ट एंडला दशकानुदशके जे कर्ज आणि जी गुंतवणूक नाकारली गेली, त्यांची भरपाई रस्त्याच्या रुंदीत होणार नाही.