पॅटिसचे पापुद्रे



घरीं दहाबारा माणसें संध्याकाळच्या चहाला बोलवावयाचें ठरलें, कीं फराळाच्या यादींत एक तरी पदार्थ बेकरीचा येतो, आणि बहुधा तें पॅटिस असतें. उपवासाच्या बटाट्याच्या पॅटिसविषयीं मी बोलत नाहीं. मैद्याचे पापुद्रे सुटलेलें, आंत मटार-बटाटा किंवा खिमा भरून भट्टींत भाजलेलें पॅटिस मला अभिप्रेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं यझ्द व केरमानकडून आलेल्या इराण्यांनीं मुंबई-पुण्याकडे हॉटेलें व बेकऱ्या थाटल्या, आणि त्यांच्या कांचेच्या कपाटांतून खारी व पॅटिस आपल्या चहाच्या सोबतीला आलीं.

बेकरीचें पॅटिस वाईट असतें असें नाहीं. भट्टींतून निघतांच खाल्लें तर तें उत्तमच. परंतु दुपारीं आणलेला पुडा संध्याकाळीं सात वाजतां उघडावा, तों आंतल्या सारणाचा ओलावा शिरून पापुद्रे चिवट झालेले असतात. पाहुणा सभ्यपणानें एक संपवितो आणि दुसरें घेत नाहीं. घरीं पॅटिस करावयाचें तें एवढ्याचसाठीं, कीं तें भट्टींतून थेट बशींत यावें.

पापुद्रे आपल्या गृहिणींना नवे नाहींत. चिरोट्यांसाठीं आपण तूप आणि तांदळाची पिठी फेंसून साटा करतों, तो लावून पोळ्या एकमेकींवर ठेवतों, गुंडाळतों, आणि तळतांना पदर सुटतात. पॅटिसच्या पिठांतहि तत्त्व तेंच: दोन थर चिकटूं नयेत म्हणून मध्यें स्निग्ध थर. फरक पुढें आहे. चिरोटा कढत तुपांत फुलतो. पॅटिसला कोरड्या भट्टींत फुलावें लागतें, आणि तेथें पापुद्रे उचलण्याचें काम वाफ करते. लोण्यांत शेंकडा सोळापर्यंत पाणी असतें, पिठांत तर असतेंच. आणि पाण्याची वाफ झाली, कीं ती सोळाशें पटींहून अधिक जागा मागते. लोण्याच्या थरामुळें ती सहज निसटूं शकत नाहीं, म्हणून वरचा पदर उचलून धरते, आणि तेवढ्यांत पीठ भाजून कडक होतें.

तेव्हां भट्टींत जाईपर्यंत लोणी थराच्या रूपानें टिकलें पाहिजे. आधींच वितळून पिठांत मुरलें, तर हातीं येते ती खुसखुशीत बिस्किटाची जात, पापुद्रा नव्हे. आपल्या हवेंत सारी अडचण येथेंच आहे. फ्रेंच आचारी ला व्हारेन याच्या १६५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाकग्रंथांत अशा पिठाची कृति आहे, परंतु ती थंड देशाच्या स्वयंपाकघरांतली. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतें आणि त्याच्या बरेंच आधीं मऊ पडतें. मे महिन्यांत मुंबईच्या स्वयंपाकघरांत तेवढी उष्णता असतेच. शिवाय आपल्या हाताची संवय उलट. पोळीची कणीक आपण तिंबतों, मळतों, उबेंत मुरूं देतों. येथें मळणें जितकें कमी आणि गारवा जितका अधिक, तितकें बरें.

ही अडचण बेकरीवाल्यानें वनस्पति तूप व मार्गरिन वापरून सोडविली. तें उन्हाळ्यांतहि घट्ट राहतें, स्वस्त पडतें, आणि पापुद्रे लोण्याहूनहि उंच उठवितें, हें मान्य करावें लागेल. परंतु जें लाटतांना वितळत नाहीं तें तोंडांतहि पुरतें वितळत नाहीं. टाळूला मेणचट थर राहतो तो त्याचाच. वनस्पतींतील ट्रान्स मेद हृदयाला अपायकारक ठरल्यामुळें, २०२२ सालापासून खाद्य तेला-तुपांत त्याचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये असें बंधन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें घातलें आहे. म्हणजे धोका कमी झाला. चव मात्र तीच. घरीं लोणीच वापरावें असें माझें स्पष्ट मत आहे. कढविलेलें तूप येथें चालत नाहीं, कारण तें लाटतां येत नाहीं व त्यांत पाणीहि उरलेलें नसतें.

आतां कृति. पाव किलो मैद्यांत अर्धा चमचा मीठ, एक चमचा लिंबाचा रस आणि सुमारें १२५ मिलिलिटर बर्फाचें पाणी घालून पीठ नुसतें गोळा करावें. लिंबामुळें तें लाटतांना मागें ओढत नाहीं. अर्धा तास फ्रिजमध्यें ठेवावें. दोनशें ग्रॅम थंड लोणी दोन कागदांमध्यें ठेवून लाटण्यानें ठोकून चौकोनी वडी करावी. लोणी खारवलेलें असल्यास पिठांतलें मीठ वगळावें. वडी वांकवली तर मोडूं नये आणि बोट दाबलें तर रुतूं नये. लोणी व पीठ दोन्ही सारख्याच कडकपणाचीं हवींत. पीठ चौकोनी लाटून वडी मध्यें तिरपी ठेवावी आणि चारी टोकें पाकिटासारखीं वर मिटावीं. मग लांब लाटून तीन पदरी घडी घालावी, पाव वळसा फिरवावी, आणि अर्धा तास फ्रिजमध्यें. प्रत्येक घडीला लोण्याचे थर तिप्पट होतात: चार घड्यांत ८१, सहांत ७२९. फ्रेंच आचारी सहा घड्या घालतात. आपल्याकडे चार पुष्कळ झाल्या, कारण दर घडीगणिक लोणी गरम होण्याचा प्रसंग वाढतो. लाटतांना कोठें लोणी चमकूं लागलें, तर हट्ट न करतां पीठ तसेंच फ्रिजमध्यें परत ठेवावें. हें काम सकाळीं, शेगडी पेटण्यापूर्वीं, आणि आदल्या दिवशीं करावें.

सारण कोरडें व पूर्ण गार असावें. मटार-बटाट्यांत पाणी राहूं देऊं नये. खिमा रस आटेपर्यंत परतावा. पीठ दोन पैशांच्या जाडीचें, म्हणजे सुमारें तीन मिलिमिटर लाटून सात सेंटिमिटरचे चौकोन धारदार सुरीनें कापावे. बोथट सुरीनें कडा चेपतात आणि पदर तेथेंच मिटतात. सारण भरून त्रिकोणी घडी करावी व टोकाला वाफेसाठीं छिद्र पाडावें. वरून दूध किंवा अंडें लावावें, पण कापलेल्या कडांना लागूं देऊं नये. एवढ्या पिठाचीं पंचवीस-तीस पॅटिसें होतात.

आणि आतां मेजवानीचा मुद्दा. हीं कच्चीं पॅटिसें ताटांत सुटीं ठेवून फ्रीझरमध्यें गोठवावींत. पाहुणे यावयाच्या अर्धा तास आधीं ओव्हन २०० अंशांवर तापवावा, आणि गोठलेलींच आंत सरकवावीं. थंड पिठाला एकदम कडक उष्णता मिळणें हेंच हवें असतें. अर्धा तास पुरतो. पहिलीं पंधरा मिनिटें दार उघडूं नये, नाहींतर उचललेले पदर खालीं बसतात. बुडाकडूनहि तांबूस झालीं म्हणजे बाहेर काढावीं. एक घाणा संपेपर्यंत दुसरा तयार होतो, आणि घरधनीण स्वयंपाकघरांत अडकून न राहतां पाहुण्यांत बसूं शकते.

कापतांना उरलेल्या चिंध्या मळून गोळा करूं नयेत; एकावर एक रचून हलकें लाटावें, ओवा व भरडलेली मिरीं पेरून पट्ट्या कापाव्या आणि मागाहून, मंद आंचेवर, अगदीं कोरड्या होईपर्यंत भाजाव्या. ही घरची खारी. घट्ट झांकणाच्या डब्यांत आठवडाभर टिकते.