हवा सुटली की गाडी थांबते

मालगाडी ओढायचं काम इंजिनाचं. पण ती थांबवायची कोणी? 1860च्या दशकातल्या अमेरिकेत हे काम माणसांच्या अंगावर होतं. ड्रायव्हरने शिटी दिली की ब्रेकमन वाघिणींच्या टपावरून धावत सुटायचे, हातब्रेकचं चाक आवळायचे आणि पुढच्या टपावर उडी घ्यायचे. बर्फ पडत असला तरी सुटका नव्हती. कितीतरी जण पाय घसरून चाकांखाली गेले.

1869 मध्ये, वयाच्या अवघ्या 22व्या वर्षी, जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या ब्रेकचं पेटंट मिळवलं. इंजिनावरच्या पंपाने हवा दाबून टाकीत भरायची आणि गरज पडली की नळीतून डब्यांकडे सोडायची. डब्याखालच्या सिलिंडरमधला दट्ट्या तिच्या जोराने सरकायचा आणि ब्रेकचे ठोकळे चाकांना भिडायचे. पण नळी फुटली किंवा गाडी मधूनच तुटली, तर ब्रेक गेलाच!

1872 मध्ये त्याने ही रचना चक्क उलटी केली. माझ्या मते अमेरिकी रेल्वेच्या इतिहासात याहून मोठी झेप दुसरी नाही.

आता नळीत हवा कायम भरलेली असते. प्रत्येक डब्याखाली एक छोटी टाकी आणि एक झडप असते. नळीत दाब असेपर्यंत झडप टाकी भरत राहते आणि ब्रेक मोकळे राहतात. समजा, नळीत आणि टाकीत दर चौरस इंचाला 90 पौंड दाब आहे. ड्रायव्हरने नळीतली थोडी हवा बाहेर सोडून तो 80 वर आणला. टाकीतला दाब आता वरचढ ठरतो, त्यामुळे झडप सरकते आणि टाकीतली हवा सिलिंडरमध्ये शिरते. टाकीचा दाबही 80 वर आला की झडप वाट बंद करते. टाकी सिलिंडरच्या साधारण अडीचपट मोठी, म्हणून टाकीतून 10 पौंड गेले की सिलिंडरमध्ये सुमारे 25 पौंडांचा जोर येतो. नळीतला दाब पुन्हा वाढवला की सिलिंडरमधली हवा बाहेर पडते, ब्रेक सुटतात आणि टाकी परत भरू लागते.

गाडी तुटली, तर नळी उघडी पडून हवा निसटते आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात.

लांब मालगाड्यांत मात्र नवी अडचण उभी राहिली. बर्लिंग्टनजवळ 1886-87 मध्ये 50 वाघिणींच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढचे ब्रेक आधी लागायचे आणि मागच्या वाघिणी धडाधड पुढच्यांवर आदळायच्या. मग वेस्टिंगहाउसने झडपेत अशी सुधारणा केली की तातडीच्या वेळी प्रत्येक झडप आपल्याजवळची हवा तिथेच सोडते आणि इशारा झपाट्याने शेपटापर्यंत पोचतो. 1893 मध्ये संसदेने कायदा करून हे ब्रेक बंधनकारक केले.

एक मर्यादा मात्र उरली. उतारावर ब्रेक वारंवार लावून सोडले, तर टाक्या भरायला उसंत मिळत नाही आणि जोर ओसरतो. शिवाय टाकीच रिकामी असेल, तर झडप काहीच करू शकत नाही. म्हणून अमेरिकेत गाडी जुळवल्यावर, निघण्यापूर्वी नळीत हवा भरून प्रत्येक वाघिणीचा ब्रेक लागतो की नाही, हे आजही तपासावं लागतं.